खुणेचा राजा

“राजा निघाला तर राहा, नाहीतर चालू लाग,” म्हणत दौलतनं चार पत्ते बाकावर पालथे टाकले.

भिवानं बोचकं खाली ठेवलं. कुठल्याच गावात महिनाभर न टिकणारा तो या जुगाऱ्यापायी दोन वर्षं इथं रुतला होता. काल दौलतनं त्याचं घोंगडंही डावात घालवलं, म्हणून तो चिडून निघाला होता. तरी आता तो निर्धास्त होता. दौलत प्रत्येक राजावर नखानं खूण करतो, हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

दौलतचं बोट खुणेच्या पत्त्यावर थांबलं. भिवाला हसू फुटलं.

मग बोट पुढं सरकलं. दौलतनं शेजारची दुर्री उलटली.

“हरलो बघ,” तो मान वर न करता म्हणाला. “जा.”

भिवानं बोचकं उचललं. राजा कुठं आहे ते दोघांनाही माहीत होतं. कुणीच तो उलटला नाही.