गाठ पार होईपर्यंत

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा तेच आलं : नेटवर्क केबल जोडलेली नाही.

केबल जोडलेली होती. नूतनने ती काढली, टोक पुसलं, खट् आवाज येईपर्यंत परत खुपसलं. फरक पडला नाही.

पावणेदहा वाजले होते. साडेदहाला हजीऱ्याच्या एका कंपनीची नोकरीसाठी ऑनलाइन परीक्षा होती. प्रयोगशाळेतल्या दोन जागा, संधी एकदाच. खोलीत एकटं बसायचं, कॅमेरा चालू, फोन बाहेर. कॉम्प्युटर जुना, त्याला इंटरनेट केबलनेच मिळायचं. राउटर शेजारी भूपेंद्रभाईंकडे होता. दोन्ही घरांत मिळून एकच कनेक्शन. त्यांच्या खोलीत साड्यांना लेस लावायची मशीनं सकाळपासून चालत, म्हणून तिथे जाऊन बसणंही शक्य नव्हतं.

तिने वहीच्या मागच्या पानावर तीन शब्द लिहिले : राउटर, केबल, कॉम्प्युटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. राउटर बंद करून चालू केला, दुसऱ्या खाचेत केबल लावली. त्या खाचेचा दिवा लागला नाही. मग दोन मिनिटांसाठी राउटरच इकडे आणला आणि वीतभर लांबीच्या दुसऱ्या केबलने कॉम्प्युटरला जोडला. हिरवा दिवा लगेच लागला. पण बाहेरून येणारी इंटरनेटची तार भूपेंद्रभाईंच्याच भिंतीत होती, म्हणून तिने राउटर परत नेऊन ठेवला आणि वहीतले दोन शब्द खोडले.

उरली केबल. बारा मीटर. गॅलरीतून येऊन दरवाजाच्या फटीतून आत शिरलेली. त्यांच्या लिंबायत वस्तीतली केबलची दुकानं अकराशिवाय उघडत नव्हती.

सतरंजीवर रात्रपाळीहून आलेले आबा, तिचे वडील सुकदेव, झोपले होते. चौथ्यांदा ती त्यांना ओलांडून गेली, तेव्हा त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "काय व्हयनं?"

"काही नाही आबा. झोपा तुम्ही."

"तार तुटनी का?"

"आतून तुटलीय कुठेतरी. वरून अख्खी दिसते."

सुकदेव उठून बसले. "तार डोयाघाई नही सापडस," ते म्हणाले, आणि केबलचं टोक हातात घेतलं.

नूतनची आई उषाबाई भाकरी थापत होत्या. "रातभर कारखानामा तारा, घर उना ते बी तारच," त्या म्हणाल्या. "यासले सपनमाबी तारच दिखतस."

सुकदेव यंत्रमागाच्या कारखान्यात बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, जोडायचे; तिथे धाग्याला तारच म्हणत. मागावरचा बीम संपला की नव्या बीमची प्रत्येक तार जुनीच्या टोकाला गाठ मारून जोडायची, चार हजारांच्या वर. सव्वीस वर्षं ते हेच करत होते. त्यांनी केबल अंगठा आणि तर्जनीमध्ये धरली आणि ती बोटांतून सरकवत चालू लागले. नजर समोरच्या भिंतीवर. दरवाजापाशी बोटं थांबली, वीतभर मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"आठे शे."

नूतनने हात लावून पाहिला. तिला काहीच लागलं नाही. पण वर बिजागरी होती, आणि हा दरवाजा दिवसा कधी बंद होत नसे, रात्री आबांसाठी नुसता लोटलेला असे. काल मात्र परीक्षेचा सराव करताना तिने तो जोर लावून बंद केला होता, कडी घातली होती.

तिने ब्लेडने केबलचं आवरण उभं चिरलं. आत आठ बारीक तारा. सुकदेवांनी एकेक तार दोन्ही बाजूंनी हलकेच ओढली. सहा ताठ राहिल्या. केशरी आणि तिच्या जोडीची पांढरी या दोघी रबरासारख्या ताणल्या गेल्या; आतलं तांबं तुटलं होतं. ब्लेड घेऊन त्यांनी केशरी तार तुटल्या जागी तोडली, आणि नूतन काही म्हणायच्या आत दोन्ही टोकांची गाठ मारली. पापणी लवावी तेवढ्यात. गाठ इतकी लहान की तिला ती शोधावी लागली.

"आबा, गाठ नाही चालत. वरचं प्लास्टिक काढून तांबं तांब्याला लागलं पाहिजे."

त्यांनी गाठीकडे पाहिलं. "मंग ती नुसती दखाले जोडायनी," ते हसून म्हणाले, आणि नखाने गाठ सोडवली. नूतनने प्लास्टिक सोलून दिलं, त्यांनी तांब्याला पीळ दिला, तिने वर चिकटपट्टी गुंडाळली. दोघंही केशरी संपवूनच पांढरीकडे वळले.

दहा वाजून एकवीस मिनिटांनी पडद्यावरचं वाक्य गेलं.

"पण हलली तर सुटेल," नूतन म्हणाली. "आणि परीक्षा दीड तास आहे."

उषाबाई परात घेऊन गॅलरीत गेल्या. सुकदेव उंबऱ्याबाहेर, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे, चौकटीला टेकून बसले. दरवाजा पुढे ओढला, फटीत आपली चप्पल अडकवली. जोडलेला भाग तळहातावर ठेवून त्यावर दोन बोटं ठेवली.

"तुम्ही झोपला नाहीत अजून."

"गाठ फनीमाईन पार व्हवापर्यंत हात उचलाना नही," ते म्हणाले. "तू तुन्हं कर."

जोडलेल्या गाठी मागाच्या फणीतून सुखरूप निघेपर्यंत जोडणारा तिथून हलत नाही, हे नूतनने लहानपणापासून ऐकलं होतं. डबा घेऊन गेलेल्या आईला ताटकळावं लागायचं ते यामुळेच.

परीक्षा सुरू झाली. नजर पडद्यावरून हलवायची नव्हती. बाहेर गल्लीत माग चालू होते, गॅलरीत कुणी पोरं धावत आली आणि उषाबाईंच्या एका शब्दासरशी परत फिरली. शेवटचा प्रश्न रसायनशास्त्रातल्या अनुमापनाचा होता. तिने उत्तर दोनदा तपासलं.

बारा वाजता पडद्यावर आलं : आपली उत्तरपत्रिका मिळाली आहे.

तिने दरवाजा हळूच उघडला. सुकदेवांची मान छातीवर कलली होती, तोंड थोडं उघडं. झोप गाढ होती. दोन बोटं मात्र जोडावर तशीच होती, न दाबता, नुसती टेकलेली.

"आबा."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "पार व्हयनी?"

"व्हयनी," नूतन म्हणाली.

मग त्यांनी बोटं उचलली.