दारातला हवालदार

जगाच्या इतिहासात अभेद्य म्हणाव्यात अशा गोष्टी फार थोड्या झाल्या, आणि हवालदार नाथाजी ही त्यांतली एक, असं बेळगावच्या पलटणीतले लोक शपथेवर सांगत. बास्केटबॉलच्या मैदानात त्याला ओलांडून कुणी पुढे गेलेलं नव्हतं. उंब्रजच्या लग्नमांडवात मात्र एवढीच बातमी पोचली होती की रंगूबाईचा थोरला नाथा टोपलीत चेंडू टाकायचा खेळ खेळतो आणि सरकार त्याला त्याचाच पगार देतं.

"किती टोपल्या भरल्यास रं आजवर?" पानाला चुना लावत चुलते नानासोंनी विचारलं.

"एक बी न्हाई."

"आँ?"

"माजं काम टाकायचं न्हाई, नाना. दुसऱ्याला टाकू द्यायचं न्हाई."

"म्हंजे बुजगावन्याचं." मांडव हसला. नानासोंना चेव आला. "आन् चेंडू तुज्याच हातात घावला तर?"

"शेजारच्याला देतो."

नानासोंनी घाईघाईनं पान तोंडात कोंबलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तोंड बंद करण्यासाठी पान खाल्लं असावं.

कारण लग्न नाथाजीच्या धाकट्या भावाचं होतं, गुंडाचं. आणि नवरी लीलाबाई आधी नाथाजीला सांगून आली होती, हे मांडवात पोरासोरांनाही ठाऊक होतं. नाथाजी सुट्टीवर आला, मुलगी बघितली, तिच्या हातचा चहा प्याला, तो चहा कसा होता ते येताना वाटेवर दोनदा सांगितलं, आणि घरी आल्यावर म्हणाला, "लढाई चालू हाय. माजा काय भरवसा? गुंडाला करा." पुढे लढाई संपली. नाथाजी त्या लढाईच्या आसपासही फिरकला नव्हता. ती सगळी त्यानं बेळगावच्या मैदानावर, दोन टोपल्यांच्या मध्ये काढली. पण तोवर सुपारी फुटली होती.

मारुतीच्या पाया पडून जोडी दारात आली. रंगूबाईनं उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं आणि मग तिच्या ध्यानात आलं.

"अगं बया! दार कोन अडवनार?"

दार अडवायचं ते नवऱ्याच्या बहिणीनं. 'तुझी लेक माझ्या लेकाला देशील का' म्हणून विचारायचं, भावानं हो म्हणायचं, की जोडीला वाट मिळते. गुंडाला सख्खी बहीण नव्हती, आणि चुलतबहीण साळूबाई लोणंदला बाळंतीण होऊन पडली होती.

नानासोंचं पान तेवढ्यात संपलं. "अडवायला सरकारी मानूस घरात असताना बहीन कशाला पायजे? उठ रं नाथा!"

"नाना, काय तरीच..."

"उठ म्हन्तो न्हवं! पलटनीला दाखवतोस, आमाला दाखीव की गड्या."

चार जणांनी ढकलत त्याला उंबऱ्यात नेऊन उभं केलं. उभा राहिल्यावर त्याचे गुडघे आपोआप वाकले, हात दोन्ही बाजूंना पसरले. गुंडा डावीकडनं घुसायला गेला. तिथं नाथाजी होता. उजवीकडनं गेला. तिथंही नाथाजीच होता. उपरण्याला पदराची गाठ असल्यानं गुंडाबरोबर लीलाबाईचीही ओढाताण होत होती. मांडव लोटपोट झाला. पदराआडून लीलाबाईलाही हसू फुटलं.

नाथाजीनं ते ऐकलं, आणि मग तो खरंच अडवायला लागला.

गुंडाचं बाशिंग कलंडलं. नाथाजीच्या कपाळाची शीर दिसायला लागली. हसणारे एकेक करून थांबले.

"पुरं की रं आता," रंगूबाई म्हणाली. "माग आन् सोड. म्हन, तुजी लेक माज्या लेकाला देशील का?"

नाथाजीनं तोंड उघडलं.

"माज्या... लेकाला?" तो म्हणाला.

नानासोंनी पुन्हा पानाचा डबा शोधायला घेतला.

"दादा," गुंडा घाम पुसत म्हणाला, "रीतीचं ऱ्हाऊ दे. तुला काय पायजे ते माग. मळा माग, बैलजोडी माग. तुजं उपकार हायती माज्यावर. आज मी न्हाई म्हननार न्हाई."

लीलाबाईनं मान वर केली. चहाचा कप पुढे केला होता त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिनं नाथाजीकडे सरळ बघितलं. दोघांच्या मध्ये तांदळाचं एक माप होतं. अडवणारं कुणी नव्हतं. म्हणजे एक होता. पण तो नाथाजीच.

त्याचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. तो बाजूला सरकला आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. लीलाबाईनं पायानं माप लवंडलं. तांदूळ घरात पसरले, त्याच्या बुटांपर्यंत आले.

"सकाळच्या गाडीनं जातो मी," तो म्हणाला.

"आरं, सुट्टी हाय की अजून!" रंगूबाई म्हणाली. "आन् मागितलं काय न्हाईसच!"

"मागितलं असतं तर दिलं असतं," गुंडा म्हणाला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं, आणि ते लपत नव्हतं. "दादा, अजून माग. खरंच माग."

नाथाजी तांदूळ चुकवत अंगणात उतरला. लीलाबाईकडे न बघता, थोरल्या दिरानं भावजयीशी थेट बोलायचं नाही या रीतीप्रमाणे, गुंडालाच म्हणाला:

"हिला म्हनावं, वाटंला दोन भाकरी बांधून दे. आन् चटनी वाईच जास्त."