तारोडीवरचा ठिपका

“आता डावीकडे वळेल,” नीरज म्हणाला, आणि लॅपटॉपच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका मुर्ध्याच्या खाडीवर डावीकडे वळला.

गिरिजाने चहाचा कप त्याच्या कोपराशी ठेवला. त्याचं लक्ष नव्हतं.

“तुम्हाला कसं कळतं?”

“ती इथेच वळते.”

ती म्हणजे हेमाली. कॅप्टन हेमाली. लग्न होऊन महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हा गिरिजाने हे नाव पहिल्यांदा ऐकलं. नीरजने जुहूच्या हँगरमध्ये एका लहान विमानात नवी पेटी बसवली होती. मी कोण, कुठे, किती उंचीवर, हे ती पेटी सारखी ओरडून सांगते म्हणे. ऐकायला फक्त अँटेना हवी. ती त्याने गॅलरीच्या ग्रिलला बांधली होती. सातव्या मजल्यावरून खाडीपर्यंत अडवायला काही नव्हतं.

“आणि वायर निघाली तर?” तिने तेव्हा हसत विचारलं होतं.

“तर आपण बहिरे.”

“विमान चालवतं कोण?”

“हेमाली,” तो म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला आत गेला. स्क्रूड्रायव्हर त्याच्या खिशातच होता.

हँगरची नोकरी त्याने लग्नाआधीच सोडली होती. आता तो मीरा रोडला यूपीएस दुरुस्त करायचा. एवढं चांगलं काम का सोडलं, असं गिरिजाने एकदा सासूबाईंना विचारलं. पुष्पलताबाई तांदूळ निवडत होत्या.

“तिकडचा विषय नको काढू गं त्याच्यापुढे. आत्ता कुठे माणसात आलाय.”

“कोणामुळे गेला होता माणसांतून?”

“जुनं खूळ. जाईल आपोआप.” त्यांनी ताट उचललं आणि त्या आत गेल्या.

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिला सून करून अलिबागहून आणलं होतं.

मग ती नीट पाहू लागली. ठिपका रोज यायचा, रविवारीसुद्धा. नीरजला कामावरून यायला उशीर झाला, तर त्या दिवशी हेमालीलाही उशीर व्हायचा. आधी ठरल्याशिवाय असं कसं होईल? डिसेंबरात एकदा इतकं धुकं होतं, की समोरची बिल्डिंग दिसेना. टीव्हीवर विमानं रखडल्याचं सांगत होते. हेमाली मात्र आली. नीरज एकटक बघत होता. त्या नजरेचा चौथा हिस्सा जरी आपल्या वाट्याला आला असता, तरी गिरिजाने त्याला सगळं माफ केलं असतं.

आणखी एक होतं. ठिपका मुर्ध्यावरून वळून तारोडीच्या किनाऱ्याला लागला, की तो लॅपटॉप मिटायचा. पुढे कधी बघायचा नाही. मोबाईल घेऊन गच्चीवर जायचा तो अंधार पडल्यावरच उतरायचा. तिने मोबाईल तपासला. त्यात काही नव्हतं. पुसून टाकत असणार.

“काय गो, तोंड का पाडलंस?” गोदूबाईने दारात टोपली उतरवली. मुर्ध्याहून ती कोळंबी घेऊन यायची, आणि सोसायटीतल्या बायकांची दुखणी घेऊन जायची.

“काही नाही, मावशी. नवरा घरी आला की त्या मशीनपुढे असतो.”

“घरान हाय ना? मंग? माझा तं खाडीतच पडलेला असतो. खाडीच माजी सवत.”

“माझी सवत आकाशात आहे.”

गोदूबाई खदखदून हसली. “बरी हाय की! खाली उतरली न्हाय म्हंजे झाला. आन एवढा जलतंय तं त्या मशीनची वायर काप. न्हाय वायर, न्हाय सवत.”

गोदूबाई गेली. गिरिजाने कात्रीने कोळंबी साफ केली, हात धुतले आणि तीच कात्री घेऊन ती गॅलरीत गेली. वायर वाटली त्याहून जाड होती. दोनदा दाबावं लागलं.

दिवसभर तिने मनात भांडण जुळवलं. तो विचारेल, ती सांगेल, आवाज चढतील, सासूबाई मध्ये पडतील. पडू देत. आज एकदाचा निकाल लागू दे. ती नाहीतर मी.

नीरज आला. पाय धुऊन लॅपटॉपपुढे बसला. गॅलरीकडे त्याने पाहिलंही नाही. दोन बटणं दाबली.

जुहूच्या किनाऱ्यावरून हिरवा ठिपका वर सरकला.

गिरिजाने गॅलरीकडे पाहिलं. वायरचं कापलेलं टोक वाऱ्यावर ग्रिलला लागून टकटक करत होतं. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. वायर कापूनसुद्धा ती आली होती. हिला काहीच अडवू शकत नाही, असं वाटून गिरिजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आता डावीकडे वळेल,” नीरज पुटपुटला.

ठिपका वळला, तारोडीकडे निघाला. नीरजचा हात लॅपटॉपच्या झाकणावर गेला.

“मिटू नका.” तिने त्याचं मनगट धरलं. “आज उतरू दे तिला. कुठे उतरते ते मला बघायचंय.”

“गिरिजा, नको.”

“मी तुमची बायको आहे ना? मग बघू दे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. कितीतरी दिवसांनी असा पुरता बघत होता. मग त्याने हात मागे घेतला आणि मान खाली घातली.

ठिपका तारोडीचा किनारा ओलांडून समुद्रावर गेला. त्याच्या शेजारचा उंचीचा आकडा उतरू लागला. आधी हळू, मग भराभर. सातशे. चारशे. दीडशे. खाली धावपट्टी नव्हती, गाव नव्हतं, निळ्या रंगाशिवाय काही नव्हतं. मग ठिपकाही नव्हता.

“कुठे गेली?” गिरिजाने विचारलं. “परत कधी दिसेल?”

“उद्या,” नीरज म्हणाला. “रेकॉर्डिंग इथपर्यंतच आहे.”