पानांचा माणूस

‘येतो वं.’

निघताना एवढंच म्हणाला होता तो. एक पाय उंबऱ्याबाहेर, खांद्यावर घोंगडी, मागे न बघता, ‘येतो वं.’ शकुंतलाबाईचे केस पांढरे झाले, पण कानातला तो आवाज काही म्हातारा झाला नाही.

आज त्याच उंबऱ्याशी बसून ती पत्रावळी टाचत होती. दिराचा मुलगा खेमराज परवा रंगूनला निघायचा होता, उद्या गावजेवण. पुढ्यात पळसाच्या पानांचा ढीग. ढिगापलीकडे खेमराजची बायको सुलोचना. दोघींच्या बोटांत बांबूच्या बारीक काड्या. सुलोचनाच्या मनगटांवर लाखेच्या बांगड्या होत्या. शकुंतलाबाईची मनगटं मोकळी.

भिंतीला लागून खेमराजची पत्र्याची पेटी होती. तिच्या तळाशी, नवऱ्याच्या कपड्यांखाली, सुलोचनानं आपलं एक लुगडं घडी घालून ठेवलं होतं. कोणाला विचारलं नव्हतं.

ओसरीवर पुरुष बसले होते. खेमराज, त्याचा बाप बकाराम, आणि शेजारचा ईश्वरदास, ज्याला दुसऱ्याच्या घरचं ठरवून द्यायची भारी हौस.

“टोचून घेतलं काय गा?” ईश्वरदासनं विचारलं. “टोचल्याबिगर बोटीवर चढू देत नाही म्हणते.”

खेमराजनं बाही सरकवून दंडावरची खपली दाखवली.

“अना खाशीन काय? तिकडं मासोळी सडवून तिची चटणी करते म्हणते.”

“तिखट-मीठ बांधून देल्लं हिनं. भात तं तिकडंबी भातच हाये.”

“बोलशीन कोण्या भाषेत?”

“धानगिरणीतल्या इंजनाले कोणती भाषा लागते, काका? गोंदियात चालवलं तसंच तिथं चालवीन.”

ईश्वरदास खो खो हसला. बकाराम हसला नाही.

“अना सूनबाई?” त्यानं विचारलं.

सुलोचनाच्या हातातली काडी थांबली.

खेमराज जमिनीकडं बघत म्हणाला, “बायको संगं असन तं मालक वेगळी खोली देते. एकट्याले नाही देत. एका खोलीत आठ गडी. पण दोन तिकिटं म्हणजे... म्हैस विकावी लागते, बाबा.”

“विकाची असन तं मी हाये,” ईश्वरदास पटकन म्हणाला. “कवाचा मागून राहिलो.”

“म्हैस विकाची नाही.” बकारामनं विषयच तोडला. “अना धानाच्या रोवण्याले हात कुठून आणू? तू जाय. जम बसला का बोलावून घेजो तिले.”

“बोलावतोच ना. दोन वरसात बोलावतो.”

सुलोचनाच्या काडीखाली पान फाटलं. तिनं ते बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं.

“मंग एक गोठ आताच बोलून ठेवा,” ईश्वरदास पुढं सरकला. “समुद्रापल्याडचं काम हाये. उद्या खबर यायची बंद झाली, तं बारा वरसं वाट पाहाची. मंग पळसाच्या पानाचा पुतळा करून क्रिया करून टाकाची. उदारामची केली तशी. मागून तंटा नको.”

उदाराम म्हणजे बकारामचा थोरला भाऊ, शकुंतलाबाईचा नवरा. फिजीला उसाच्या मळ्यात कामाला गेला तो गेला. बारा वर्षं खबर नाही. मग नदीकाठी पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला नवं धोतर नेसवलं आणि जाळला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, शकुंतलाबाईच्या बांगड्या फुटल्या.

“बरोबर हाये,” बकाराम म्हणाला. “बारा वरसं.”

सुलोचनानं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. खेमराज दंडावरची खपली चाचपत राहिला.

“भाऊजी.”

शकुंतलाबाईचा आवाज मोठा नव्हता. पण पुरुषांच्या बोलण्यात ती आजवर कधी बोलली नव्हती. तिघेही वळले.

“आपण पुतळा जाळला ना, तवा ते जित्ते होते.”

गोठ्यात म्हशीनं पाय आपटला.

“काय म्हणता, वैनी?”

“क्रियेच्या दुसऱ्या साली बाजारात एक माणूस भेटला. त्याच मळ्यातून वापस आलेला. आपल्या गावाचं नाव ऐकून थांबला. म्हणे, उदाराम बरा हाये. घर बांधलं. घरात बाई हाये.”

“मंग तुमी सांगितलं काऊन नाही?” बकारामनं विचारलं.

“कोणाले सांगू? क्रिया तुमीच केली. गाव जेवून गेलं. फुटलेल्या बांगड्या कोण जोडून देते, भाऊजी?” तिनं एक पान उचललं, पदराला पुसलं. “जायचं ठरलं तवा तेबी असेच म्हणाले होते. दोन वरसात बोलावतो.”

खेमराजनं बाही खाली केली.

बकारामनं पानांच्या ढिगाकडं पाहिलं. मग उठला, गोठ्यापर्यंत गेला, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तिकडं तोंड करूनच म्हणाला, “ईश्वरदास, तुले पाहिजे होती ना? आताच सोडून घेऊन जाय. मन फिरायच्या आंधी.”

दावं सुटल्याचा आवाज आला. खेमराज बापाच्या मागं गोठ्यात गेला. उंबऱ्याशी दोघीच उरल्या.

सुलोचना जवळ सरकली. हळूच म्हणाली, “मोठीमाय, एवढी वरसं मनात ठेवलं. तुमाले त्याईचा राग नाही आला?”

शकुंतलाबाईनं शेवटची काडी टोचली, उरलेलं टोक मोडलं आणि पत्रावळ थप्पीवर ठेवली.

“पोरगी झाली म्हणे त्याईले तिकडं,” ती म्हणाली. “नाव शकुंतला ठेवलं.”