दंडातली काडी

सासरच्या अंगणात बायका माझी पेटी उपसत होत्या. नव्या सुनेचं सगळं सामान चारचौघींसमोर काढायचं, अशी आम्हा दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंची रीत. आईनं आपल्या लग्नात, मी लहान असताना, याच भीतीनं एचआयव्हीच्या गोळ्या माहेरी ठेवल्या, मग सोडूनच दिल्या. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही तिला पुरलं. माझ्याही रक्तात तोच आजार आहे. नवऱ्याला ठाऊक आहे. त्याच्या घरच्यांना नाही. “आत्याबाई, नीट हलवा, एखादा जुना यार पडेल!” जाऊबाई ओरडल्या. नवऱ्याच्या आत्यानं रिकामी झालेली पेटी उलटी केली. काहीच पडलं नाही. मागच्या महिन्यात दवाखान्यातल्या सिस्टरनं माझ्या दंडात, कातडीखाली, पेराएवढी प्लास्टिकची मऊ काडी सरकवली होती; गोळ्यांऐवजी आता औषध तिच्यातून कित्येक महिने झिरपत राहणार. “चल सूनबाई, नाच!” आत्यानं नेमका तोच दंड धरला. तिच्या बोटांखाली, एवढ्या बायकांच्या गाण्यात, माझं औषध निमूटपणे रक्तात उतरत होतं.