हलती फ्रेम

“हा थरथरता शॉट भारी जमलाय. कुणाचा प्रभाव?” सरांनी हेमांगीची फिल्म थांबवत विचारलं.

तिनं प्रभावांची यादी पाठ करून आणली होती, सगळे परदेशी दिग्दर्शक. जयसिंगपुरात तीस वर्षं लग्नांचं शूटिंग करणाऱ्या, नवरा-नवरीला बदामात बसवणाऱ्या बाबांचं नाव घ्यायची तिला लाज वाटायची.

पण हा एवढाच शॉट बाबांनी घेतलेला. त्यात ती स्वतः अंगणात उभी राहणार होती, म्हणून कॅमेरा त्यांच्या हातात दिला होता. स्टँडशिवाय सगळी मंगलाष्टकं टिपताना ज्यांची फ्रेम कधी तसूभर हलली नाही, त्या बाबांच्या हातात. नवा कॅमेरा हलका, म्हणून हलला असेल, असं समजून तिनं शॉट तसाच ठेवला. यंदाच्या लग्नसराईत त्यांनी एकही ऑर्डर का घेतली नाही, हेही विचारलं नव्हतं.

सरांनी शॉट पुन्हा लावला. मोठ्या पडद्यावर ती खांबासारखी निश्चल उभी होती, आणि कॅमेऱ्यामागून बाबा काकुळतीनं म्हणत होते, “अगं, हलू नको की जरा. किती हलतीस!”