गाठ चमकली

रक्त तापवायच्या भांड्याशेजारी पाववाल्या मावशी उभ्या राहिल्या, त्या हलेनातच. रक्त त्यांचंच होतं.

"किती अंश?"

"एकोणपन्नास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एवढ्यावर काय डोंबल भाजणार! आमची भट्टी अडीचशेला लागते."

"भाजायचं नाहीये मावशी. पेशी नुसत्या दमवायच्यात. दमलेल्या पेशी रक्तातून वेचून काढणं हे प्लीहेचं कामच. यात किरणांचं औषध मिसळून रक्त परत तुमच्या नसेत सोडलं, की प्लीहा त्या पेशी पकडते आणि पडद्यावर चमकते. तिला खेटून बसलेली, सोनोग्राफीत दिसलेली ती गाठही चमकली, तर ते प्लीहेचंच पिल्लू. जन्मापासूनचं, निरुपद्रवी. पण अंधारीच राहिली, तर गुरुवारी पोट उघडावं लागेल."

हे ऐकायला मावशींना त्यांचे यजमान, काका, शेजारी हवे होते. पण स्वारी खाली गाडी लावायला जागा शोधत होती. नेमकं कामाच्या वेळी हे असं!

अर्ध्या तासाने मावशी यंत्राखाली आडव्या झाल्या. अजिबात हलायचं नाही, अशी ताकीद मिळाली. पडद्यावर एक मोठा ठिपका उजळला. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग त्या ठिपक्याशेजारी वाटाण्याएवढा दुसरा ठिपका उमटला.

"चमकली हो गाठ!" डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्याच. मावशींचा जीव भांड्यात पडला.

गाडी लावून, अर्ज भरून, दोनदा चुकीच्या मजल्यावर जाऊन काका नेमके तेव्हाच दारात पोचले होते. थोरल्या भावाच्या तपासणीत असंच काहीसं चमकलं होतं आणि ते वाईट निघालं होतं. चमकणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी धावत येऊन मावशींचे पाय धरले.

"घाबरू नकोस, मी आहे ना," म्हणता म्हणता त्यांचाच बांध फुटला. "तुझ्याच हातचा पाव चांगला फुगतो गं! पंचवीस वर्षं मी नुसता हट्ट केला, माझाच चांगला म्हणून. गिऱ्हाइकंसुद्धा तुझाच मागतात. मीच तुला सांगत नव्हतो…"

डॉक्टरीणबाई खरं काय ते सांगायला घाईघाईने पुढे झाल्या. मावशींनी मान न हलवता त्यांना डोळा मिचकावला.

"थांबा हो जरा, डॉक्टर," त्या पुटपुटल्या. "ह्यांना अजून बरंच कबूल करायचंय."